ऑफर लेटर हातात, रुजू व्हायला सहा आठवडे: प्रॉडक्ट मॅनेजरच्या नोकरीची तयारी कशी करावी

माझ्या मावसभावाला जूनमध्ये बेंगळुरूच्या एका कंपनीचं पत्र आलं. हुद्दा असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर, काम घरून म्हणजे गोव्यातल्या डिचोलीतून, आणि रुजू व्हायला सहा आठवडे. दुसऱ्या दिवशी त्याने मला एक यादी पाठवली. अकरा कोर्स, सतरा पुस्तकं, चार पॉडकास्ट आणि साठेक चौकोनांचं एक चित्र, ज्याला तो रोडमॅप म्हणत होता. खाली एकच ओळ होती: ‘ताई, सुरुवात कुठून करू?’

यादी बघून मला हसू आलं, कारण असली यादी मीही एकदा केली होती. त्यातल्या एका कोर्ससाठी पस्तीस हजार मोजले, प्रमाणपत्र मिळवलं, आणि नोकरीच्या चौथ्या दिवशी मॅनेजरने सहज विचारलं, ‘आपल्याकडे गेल्या महिन्यात आलेल्यांपैकी या महिन्यात परत किती आले, बघून सांगतेस?’ कोर्समध्ये ‘रिटेन्शन’वर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ होता. तो मी दोनदा बघितला होता. पण कुठल्या टेबलात काय शोधायचं, ‘परत आले’ म्हणजे नेमकं काय धरायचं, हे मला सुचेना. अख्खी दुपार गेली. त्या प्रमाणपत्राबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही.

म्हणून भावाला दिलं तेच इथे सविस्तर लिहिते. रोज दीड-दोन तास, रविवारी थोडं जास्त, असा हिशोब धरला आहे. सहा आठवड्यांत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येत असेल तर एक आठवडा सरळ वजा करा. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना कोणी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकत नाही.

पहिले तीन दिवस: नोकरी नेमकी कोणती ते विचारून घ्या

एकाच हुद्द्याखाली तीन-चार वेगळी कामं खपतात. काही ठिकाणी प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे कोणासाठी काय बनवायचं आणि आधी काय, हे ठरवणारा माणूस. काही ठिकाणी तो ग्राहक कंपनीने सांगितलेली फीचर्स टीमकडून करून घेणारा. काही ठिकाणी त्याचं खरं काम प्रोजेक्ट मॅनेजरचं, म्हणजे तारखा सांभाळायचं. ‘प्रॉडक्ट ओनर’ हा शब्द स्क्रममधला, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायच्या एका पद्धतीतला, आहे. काही कंपन्यांत तो वेगळा माणूस असतो, काहींत तुम्हीच ते. यातलं कुठलंच हलकं नाही, पण तयारी वेगळी लागते.

मुळात हे काम संगणकाच्या जगातलं नव्हेच. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये साबणाच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या नील मॅकेल्रॉयने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारा एक माणूस हवा, खप का घसरला ते त्याने स्वतः विक्रेत्यांत जाऊन शोधावं, अशी मागणी त्यात होती. हुद्दा मागण्यासाठी लिहिलेलं ते टिपण म्हणजे या पेशाचं पहिलं कागदपत्र मानतात. मिळालं तर वाचा. पुढे लिखाणाबद्दल जे सांगणार आहे त्याचा तो नमुनाही आहे.

आता तुमच्या होणाऱ्या मॅनेजरला एक छोटा मेल टाका. मी कोणत्या प्रॉडक्टवर असेन? ते वापरतं कोण आणि त्याचे पैसे देतं कोण? टीम सध्या कोणत्या आकड्याकडे बघते? येण्याआधी मी काय वाचावं? दुसरा प्रश्न सोडू नका. शाळेचं ॲप पालक वापरतात, पैसे शाळा देते, आणि त्यात माहिती भरत बसतात त्या वर्गशिक्षिका. तिघांची गरज तीन दिशांना जाते. मेलचं उत्तर नाही आलं तरी बिघडत नाही, पण बहुतेकदा येतं, आणि त्याने यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

पहिला आठवडा: जाड पुस्तक एकच

ते मार्टी केगन यांचं ‘इन्स्पायर्ड’. दुसरी आवृत्ती घ्या, पहिली २००८ची आहे आणि आता जुनी वाटते. केगन एचपी, नेटस्केप आणि ईबेमध्ये होते. त्यांचा सगळ्यात उपयोगी विचार चार जोखमींचा: लोकांना ही वस्तू हवी आहे का, त्यांना ती वापरता येईल का, आपल्या टीमला ती बनवता येईल का, आणि धंद्याच्या, कायद्याच्या, पैशाच्या बाजूने ती चालेल का. पुस्तक विकत घ्यायचं नसेल तर त्यांच्या सिलिकॉन व्हॅली प्रॉडक्ट ग्रुपच्या संकेतस्थळावर लेख फुकट आहेत, आणि पुस्तकातला बराच गाभा त्यात येतो.

वाचायची माझी पद्धत सांगते. आपल्या फोनमधलं रोजचं एक ॲप निवडा आणि प्रत्येक प्रकरणानंतर त्या ॲपला तोच प्रश्न विचारा. वहीत चार ओळी लिहा. चार ओळी सुचत नसतील तर प्रकरण डोक्यावरून गेलं आहे, परत वाचा.

एक सावधगिरी. हे पुस्तक अमेरिकेतल्या मोठ्या, पैसेवाल्या प्रॉडक्ट कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. त्यातली ‘सक्षम टीम’ तुमच्या कंपनीत सापडेलच असं नाही. पहिल्याच महिन्यात ‘पुस्तकात तर असं आहे’ म्हणणारा नवा पीएम, म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर, कोणालाच आवडत नाही. मी म्हटलं आहे, म्हणून सांगते.

पॉडकास्ट? लेनी रचित्स्की यांचा ऐकण्यासारखा आहे. डिचोली ते पणजी कदंबच्या बसमध्ये ऐकायला बरा. पण पॉडकास्टला अभ्यास समजू नका. मोठ्या कंपनीतल्या मोठ्या माणसाचं यश ऐकताना फार छान वाटतं आणि उतरल्यावर हाताला काही लागत नाही. घरात शांतता नसेल किंवा पावसात वीज-नेट दोन्ही गेलं असेल तर पाटो, पणजी इथलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथे बसून माझं वाचन घरच्यापेक्षा दुप्पट होतं.

दुसरा आणि तिसरा आठवडा: माणसांशी बोला

हा भाग बहुतेक जण टाळतात, कारण व्हिडिओ बघणं सोपं आणि अनोळखी माणसाशी बोलणं अवघड. पण वेळ इथेच घालवा.

आधी रॉब फिट्झपॅट्रिक यांचं ‘द मॉम टेस्ट’ वाचा. २०१३चं बारकं पुस्तक आहे, दोन दिवसांत होतं. सांगणं साधं: तुमची कल्पना कशी वाटली असं विचारलं की माणसं खोटं बोलतात, आई तर हमखास बोलते, आणि तेही प्रेमापोटी. म्हणून कल्पना बाजूला ठेवा. त्यांच्या आयुष्यात मागच्या वेळी नेमकं काय घडलं तेवढं विचारा.

मला ते पुस्तकातून कळलं आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पटलं. तेव्हा आमच्या डोक्यात छोट्या विक्रेत्यांसाठी दिवसाचा हिशोब दाखवणारं ॲप होतं. मासळीवाल्या एका मावशीकडे गेले. तिच्या पाट्याला क्यूआरचं कार्ड लटकलेलं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर खवले. शेजारी पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा. मी विचारलं, असं ॲप असलं तर वापरशील का? ती म्हणाली, ‘हय गो, बरें जातलें.’ मी खूश. वहीत ‘होकार’ लिहिलं.

बरोबरची सहकारी माझ्यापेक्षा शहाणी. तिने बांगडे घेतले आणि विचारलं, ‘मावशे, काल सांजे हिशोब कसो केलो?’ मावशीने कमरेची पिशवी थोपटली. ‘नोटी हांगा. मोबायलाचे पूत सांगता.’ मग हळूहळू निघालं की क्यूआर मुलाच्या खात्याचा आहे, आणि पहाटे मासळी घ्यायला तिला रोख लागते. दिवसभर डबा ओरडत राहतो, पण पहाटे चारला हातात नोटा कमी. हिशोब तिला तोंडपाठ होता. तिची अडचण पहाटेच्या रोखीची होती, आणि आमच्या ॲपमध्ये त्यावर काहीच नव्हतं. वहीतला ‘होकार’ मी खोडला, पान मात्र अजून ठेवलं आहे.

तुम्ही असं करा. एक विषय घ्या, रोजच्या प्रवासासारखा साधा. दोन आठवड्यांत दहा माणसं गाठा. रायबंदर-चोडण फेरीबोटीचा धक्का उत्तम जागा आहे, कारण बोट येईपर्यंत माणसाला वेळ असतो आणि बोट आली की संभाषण आपोआप संपतं. कदंब स्टँडवरची रांगही चालेल. ‘तुम्ही साधारण काय करता’ हे विचारू नका, ‘काल काय केलंत’ हे विचारा. ‘कधीतरी’, ‘नेहमी’, ‘बहुतेक’ असे शब्द आले की मागच्या खेपेवर आणा. गप्प बसायला शिका, तीन सेकंद जरी थांबलात तरी समोरचा खरी गोष्ट सांगतो. रेकॉर्ड करायचं तर आधी परवानगी. आणि टिपण त्याच संध्याकाळी, त्यांच्याच शब्दांत. माणूस कोंकणीत बोलला तर कोंकणीतच लिहा. भाषांतर करताना आपण नकळत त्यांचं म्हणणं गुळगुळीत करतो.

दहा झाल्यावर टेरेसा टोरेस यांचं ‘कंटिन्युअस डिस्कव्हरी हॅबिट्स’ हे २०२१चं पुस्तक चाळा. ऐकलेल्या अडचणी एका झाडासारख्या मांडायच्या आणि प्रत्येकीखाली उपायांच्या फांद्या काढायच्या, ही त्यांची रीत आहे. स्वतःच्या दहा संभाषणांचं झाड काढा. संभाषणं हाताशी नसताना वाचलं तर ते पुस्तक कोरडं लागतं.

तिसऱ्याचा शेवट आणि चौथा आठवडा: आकडे

दोन गोष्टी: आकडा काढता येणं आणि आकड्यावर शंका घेता येणं.

काढण्यासाठी एसक्यूएल. घाबरू नका, प्रोग्रॅमर व्हायचं नाही. एसक्यूएलबोल्ट नावाचं फुकट संकेतस्थळ आहे. ब्राउझरमध्येच छोटे धडे सोडवत जायचं, चार-पाच दिवस पुरतात. खान अकॅडमीचाही फुकट कोर्स आहे, तोही चालेल. दोन्ही करू नका. निवडणं, गाळणं, गट पाडून मोजणं आणि दोन टेबलं जोडणं एवढं जमलं की पहिले सहा महिने निघतात. ॲनालिटिक्सचं साधन बघायचं तर गूगल ॲनालिटिक्सचं डेमो खातं उघडा. त्यात गूगलच्याच वस्तू विकणाऱ्या दुकानाची खरी आकडेवारी असते.

आपल्याकडचं एक साधन मात्र कुठल्याही यादीत दिसत नाही. यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था दर महिन्याला त्याचे आकडे आपल्या संकेतस्थळावर टाकते. त्यात बँकेगणिक फसलेल्या व्यवहारांचं प्रमाण दोन भागांत असतं: ‘बिझनेस डिक्लाइन’ आणि ‘टेक्निकल डिक्लाइन’. पिन चुकला, खात्यात पैसे नाहीत, मर्यादा ओलांडली, हे पहिल्यात. बँकेची किंवा मधली यंत्रणा बंद पडली, हे दुसऱ्यात. सहा महिन्यांचे आकडे शीटमध्ये भरा आणि दोन बँकांची तुलना करा. ‘पेमेंट फेल झालं’ या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी असतात आणि त्यांचे वैद्यही वेगळे, हे एकदा स्वतः बघितलं की विसरत नाही.

आता शंका घेणं. समजा बसचं तिकीट काढायचं ॲप आहे. १००० जणांनी उघडलं, ६२० जणांनी मार्ग निवडला, २१० पेमेंटपर्यंत आले, १५० जणांना तिकीट मिळालं. पेमेंटला आलेल्यांपैकी ६० म्हणजे जवळपास २९ टक्के गळाले. मार्ग निवडल्यावर मात्र ४१० म्हणजे ६६ टक्के गळाले. नवशिका मोठ्या आकड्याकडे धावतो. पण त्या ४१० जणांना कदाचित फक्त वेळ बघायची होती. बस किती वाजता हे कळलं, त्यांचं काम झालं, फोन खिशात. ते गळालेच नाहीत. उलट ते ६० जण पैसे द्यायला तयार होते. हे आकड्यातून कळत नाही, त्यासाठी पुन्हा स्टँडवर जावं लागतं. आधी माणसं आणि मग आकडे हा क्रम मी त्यासाठीच ठेवला आहे.

आणि रिटेन्शन, जिथे माझी दुपार गेली होती. ते मला शेवटी आमच्या पोदेरावरून, म्हणजे दारोदार पाव देणाऱ्यावरून, कळलं. समजा पोदेराने जूनमध्ये जुन्या वाड्यावरची ४० नवी घरं जोडली. जुलैमध्ये त्यातली २८ राहिली, ऑगस्टमध्ये २६. जुलैमध्ये त्याने नव्या बिल्डिंगमधली ४० घरं जोडली, ऑगस्टमध्ये त्यातली १६ उरली. ऑगस्टमध्ये आणखी ४० जोडली. एकूण घरं बघाल तर जूनमध्ये ४०, जुलैमध्ये ६८, ऑगस्टमध्ये ८२. पोदेर म्हणेल धंदा वाढतोय. पण बिल्डिंगमधली घरं एका महिन्यात निम्म्याहून जास्त गेली, कारण तिथले बरेचसे शनिवार-रविवारचे. नवी घरं मिळणं थांबलं की टोपली जड राहील. प्रत्येक महिन्याची तुकडी म्हणजे कोहॉर्ट, आणि ती वेगळी धरून बघायची. शीटमध्ये हे तीन रकाने स्वतः मांडा. आणि ‘राहिलं’ म्हणजे काय ते आधी लिहा: रोज पाव घेणारं घर, की महिन्यात एकदा उंडो (गोल पाव) घेतलेलंही? व्याख्या बदलली की आकडा बदलतो. त्या दुपारी मी मॅनेजरला हाच उलटा प्रश्न विचारायला हवा होता.

इंजिनिअर आणि डिझायनरची भाषा: चार-पाच दिवस पुरे

डॉन नॉर्मन यांचं ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ मूळ १९८८चं, २०१३ला सुधारलेलं. पहिली दोन-तीन प्रकरणं वाचा. ढकलायचं की ओढायचं ते कळत नाही असं दार दिसलं की चूक आपली नव्हे, दाराची, ही दृष्टी त्यातून येते. फिग्मा हे स्क्रीनचं डिझाइन काढायचं साधन फुकट वापरता येतं, त्यात एक फॉर्म काढून बघा. सुंदर नसला तरी चालेल.

स्क्रम गाइड फुकट, २०२०ची आवृत्ती, एका बैठकीत संपते. तिचं प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हे कंपनीने मागितलं तरच ठरवा. तंत्राच्या बाजूने, ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कच्या पानावर एखादं संकेतस्थळ उघडताना काय काय मागवलं जातं ते बघा. ४०४ म्हणजे मागितलेलं सापडलं नाही, ५००च्या घरातला आकडा म्हणजे सर्व्हरकडची गडबड, ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत. एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली रीत, काय असते ते घरातल्या आजीला कोंकणीत समजावून सांगता आलं की पुरे. सखोल शिकायची हौस असेल तर एनपीटीईएलवर आयआयटीचे कोर्स फुकट ऐकता येतात, पण त्यासाठी सहा आठवडे मोडू नका.

कायद्याचं एवढं माहीत हवं: २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यायचा आहे. मराठी त्यात आहे, १९९२पासून कोंकणीही. गोव्यात बसून काम करणाऱ्याला हा मुद्दा बेंगळुरूच्या मीटिंगमध्ये मांडायची संधी नक्की मिळेल. आपल्याकडे कोंकणी देवनागरीत आणि रोमीत दोन्हीत लिहिली जाते, आणि मराठी माणूसही व्हॉट्सॲपवर बरेचदा रोमन अक्षरांतच टाइप करतो. शोधपेटी बनवणाऱ्याच्या हे डोक्यातही येत नाही.

पाचवा आठवडा: एक पान लिहा

पीएमचं हत्यार म्हणजे लिहिलेलं पान. हाताखाली कोणी नसतं, इंजिनिअर तुमचं ऐकायला बांधलेले नसतात, सगळं पटवूनच करून घ्यायचं. दहा संभाषणांतून वर आलेली एकच अडचण घ्या आणि तिच्यावर एक पान लिहा, कंपनीची भाषा इंग्रजी असेल तर इंग्रजीत. कोणाची अडचण, आपल्याला कशावरून कळली, आज ते कसं भागवतात, आपण काय सुचवतो, काय मुद्दाम करणार नाही, आणि यश कशाने मोजणार. ‘काय करणार नाही’ हा परिच्छेद सगळ्यात कठीण जातो. तो लिहिताना अंगावर येत असेल तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. ॲमेझॉनमध्ये वस्तू बनायच्या आधीच तिची बातमी आणि लोकांच्या प्रश्नांची उत्तरं लिहून काढतात. तो प्रकारही एकदा करून बघा.

मराठी माध्यमातल्यांना इंग्रजी लिखाणाची धास्ती असते, मलाही होती. आधी मराठीत लिहा. विचार मराठीत तुटका असेल तर इंग्रजीत तो फक्त लपतो. एआय चॅटबॉटला पान दाखवून ‘यावर खवचट इंजिनिअर काय विचारेल’ असं विचारायला हरकत नाही. त्याच्याकडून पान लिहून घेऊ नका, आणि काल्पनिक वापरकर्त्यांच्या मुलाखती तर मुळीच नकोत.

आधी काय करायचं यासाठी इंटरकॉम कंपनीतून आलेलं राइस हे सूत्र शिका. किती जणांपर्यंत पोचेल, गुणिले परिणाम, गुणिले खात्री, भागिले लागणारे मनुष्य-महिने. फेरीचंच उदाहरण घ्या, आकडे समजुतीसाठी. धक्क्यावर पुढच्या बोटीची वेळ दाखवणारा फलक: महिन्याला ३००० माणसं, परिणाम १, खात्री ८० टक्के, २ महिने, म्हणजे १२००. फोनवर सूचना: ८०० माणसं, परिणाम २, खात्री ५० टक्के, १ महिना, म्हणजे ८००. कोंकणी-मराठीत माहिती: १५०० माणसं, परिणाम अर्धा, खात्री ८० टक्के, अर्धा महिना, पुन्हा १२००. आता पहिलं की तिसरं? सूत्र गप्प बसतं. मग कोणीतरी विचारतं, ‘ही ८० टक्के खात्री आली कुठून?’ आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. सूत्राचा उपयोग तेवढाच, पण तो लहान नाही.

पान लिहून झालं की कोणाला तरी दाखवा. ओळखीचं कोणी नसेल तर फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातलं फायर किंवा वेर्ण्याचं सिबा, या इनक्युबेटरमधल्या, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या केंद्रांमधल्या, एखाद्या छोट्या स्टार्टअपला फोन करा. तिथे लोकांशी बोलायला सहसा माणूस कमीच असतो. आठवडाभर फुकट मदत करतो म्हटलंत तर दार उघडायची शक्यता बरी आहे.

सहावा आठवडा आणि त्यानंतर

नवं काही वाचू नका. कंपनीचं ॲप असेल तर प्ले स्टोअरवरचे एक आणि दोन चांदण्यांचे शंभर अभिप्राय वाचा, शीटमध्ये तक्रारींचे गट पाडा. प्रतिस्पर्ध्याचेही पन्नास वाचा. ॲप दुकानात मिळणारं नसेल तर कंपनीचं मदतीचं पान वाचा. लोक कुठे अडखळतात ते तिथल्या प्रश्नांवरून दिसतं. हे शीट पहिल्या दिवशी कोणाला दाखवू नका. दोन आठवडे जवळ ठेवा, तोवर त्यातल्या निम्म्या तक्रारी टीमला आधीच माहीत आहेत असं कळेल. उरलेल्या निम्म्या मांडा.

रुजू झाल्यावर खरी सामग्री कंपनीच्या आतच असते: ग्राहक मदत केंद्राची तिकिटं, मागच्या दोन वर्षांची टिपणं, बंद पडलेल्या फीचर्सची कागदपत्रं. शेवटची मागून घ्या, कोणी आपणहून देत नाही. पहिल्या महिन्यात रोज अर्धा तास मदत केंद्राच्या कॉलवर ऐकायला बसा. घरून काम असेल तर हे जास्त गरजेचं, कारण चहाच्या टपरीवर कानावर पडणारं तुमच्या कानावर पडणार नाही. टीममधल्या प्रत्येकाशी वीस मिनिटं बोला आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: आपण काय करतोय जे थांबवायला हवं? उत्तरं लिहून ठेवा, लगेच काही थांबवायला जाऊ नका.

भावाने यादीतले नऊ कोर्स खोडले, दोन अजून मनातून जात नाहीत. काल रात्री त्याचा मेसेज आला. भर पावसात चोडणच्या धक्क्यावर सात जणांशी बोलला. सहा जणांना ॲप-बिप काही नको. पाऊस दाट असला की पलीकडून बोट सुटली की नाही ते दिसत नाही, आणि छपराखाली थांबायचं की स्कूटर रांगेत लावायची ते ठरत नाही, एवढंच त्यांचं दुखणं.

मी विचारलं, सातवा काय म्हणाला?

‘त्याची बोट आली,’ म्हणाला. ‘उद्या परत जातो.’